चाळीस मेगावॉटची परवानगी

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची वीज पहिल्यांदा बांगलादेशात पोचली. भारत, नेपाळ आणि बांगलादेश या तिन्ही देशांच्या मंत्र्यांनी ऑनलाइन उद्घाटन केलं, अभिनंदनाचे संदेश गेले, आणि लगेच ती वीज बंदही झाली. बिघाड वगैरे काही नव्हता. करारच तसा होता. दर वर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढाच पुरवठा, ४० मेगावॉट, पाच वर्षांसाठी. करारावर सह्या झाल्या ३ ऑक्टोबरला, बाकीच्या मंजुऱ्या जमेपर्यंत हंगाम सरला, आणि उद्घाटनाचा दिवस हाच त्या वर्षीचा शेवटचा दिवस ठरला. नियमित पुरवठा सुरू व्हायला २०२५ चा १५ जून उजाडावा लागला.

४० मेगावॉट म्हणजे फार काही नाही. एकट्या मुंबईची उन्हाळ्यातली मागणी ४,००० मेगावॉटच्या वर जाते. तिच्या हे एक टक्काही नाही. आणि ही वीज जाणार कुठून, हा प्रश्न तर केव्हाच सुटला होता. नेपाळातलं ढालकेबर आणि बिहारमधलं मुझफ्फरपूर यांना जोडणारी वाहिनी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली, सुरुवातीला कमी दाबावर, पण झाली. पश्चिम बंगालमधलं बहरामपूर आणि बांगलादेशातलं भेरामारा त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०१३ मध्येच जोडलं गेलं होतं. म्हणजे काठमांडूच्या बाजूची वीज ढाक्याच्या बाजूला जाण्याचा रस्ता २०१६ पासून तयार होता. मग मधली आठ वर्षं कशात गेली?

नियमांत. कुणाची वीज चालेल, मधल्या देशाच्या तारांचं भाडं किती, ठरल्यापेक्षा कमी-जास्त वीज आली तर हिशेब कसा, पैसे थकले तर दाद कुठे मागायची, आणि या सगळ्याचे नियम करण्याचा अधिकार कुणाचा. दक्षिण आशियातल्या वीजव्यापाराबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात धरणं असतात, मेगावॉट असतात, पंतप्रधानांचे दौरे असतात. नियामक आयोगांचा उल्लेख क्वचितच येतो. खरी गाठ मात्र तिथेच आहे.

आधी या देशांना एकमेकांची वीज लागते तरी कशाला, ते पाहू. आपल्याकडे जलविद्युत म्हटलं की कोयना डोळ्यांपुढे येते. पावसाळ्यात शिवसागर जलाशय भरायचा, आणि वर्षभर, विशेषतः संध्याकाळी मागणी चढली की, टर्बाइन फिरवायची. नेपाळ आणि भूतानमधले बहुतेक प्रकल्प असे नाहीत. ते वाहत्या पाण्यावर चालतात. नदीला पाणी आहे तोवर वीज. पाणी साठवण्याची सोय नाही किंवा असली तर काही तासांपुरती. नेपाळात कुलेखानी सोडला तर हंगामभराचं पाणी धरून ठेवणारा प्रकल्प जवळपास नाहीच. त्यामुळे जून ते नोव्हेंबर या काळात तिथे विजेचा पूर असतो. डिसेंबरनंतर हिमालयात पाणी गोठतं, नद्या रोडावतात, आणि थंडीमुळे मागणी चढत असताना नेमकं उत्पादन कोसळतं. भूतान हा देश म्हणजे विजेचा निर्यातदार अशी आपली समजूत. ती पावसाळ्यात खरी आहे. २०२२ पासून हिवाळ्यात भूतान भारताच्या वीजबाजारातून वीज विकत घेतो.

बांगलादेशाचं चक्र नेमकं उलटं. तिथे उन्हाळ्यात आणि पावसाळी उकाड्यात मागणी शिगेला असते, हिवाळ्यात ती बरीच उतरते. देशातला नैसर्गिक वायू घटत चालला आहे, आयात केलेला वायू आणि कोळसा डॉलर खातो. नेपाळकडे पावसाळ्यात जास्तीचं आहे, बांगलादेशला तेव्हाच हवं आहे. मध्ये आहे भारताची चिंचोळी पट्टी.

नेपाळला तर टंचाई म्हणजे काय ते चांगलंच माहीत आहे. २००८ पासून २०१६ पर्यंतच्या हिवाळ्यांत काठमांडूत दिवसाला १६-१८ तासांपर्यंत वीज नसायची. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात बारा-बारा तास अंधारात काढलेल्या गावांना याची कल्पना येईल. फरक एवढाच की तिथे राजधानीच अंधारात होती. सप्टेंबर २०१६ मध्ये कुलमान घिसिंग नेपाळ विद्युत प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि काही महिन्यांत काठमांडूतलं भारनियमन थांबलं. ते तिथले लोकनायक झाले. ठरावीक उद्योगांना अखंड मिळणारी वीज इतरांकडे वळवली, वाटपाला शिस्त लावली, हे त्यांचं श्रेय आहेच. पण त्याच वर्षी ढालकेबरची वाहिनी सुरू झाली होती आणि भारतातून येणारी वीज वाढली होती, हेही तितकंच खरं. पुढे देशात एकामागून एक प्रकल्प उभे राहिले, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षात नेपाळने वर्षाच्या एकूण हिशेबात पहिल्यांदाच आयातीपेक्षा जास्त वीज निर्यात केली.

आता ती ४० मेगावॉट जरा जवळून पाहू. दिवसाला ९ लाख ६० हजार युनिट. दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट, म्हणजे दिवसाला साधारण ६१ हजार डॉलर. पाच महिन्यांच्या हंगामात नव्वद लाख डॉलरच्या थोडं वर. करारात तीन पक्ष आहेत. विकणारं नेपाळ विद्युत प्राधिकरण, घेणारं बांगलादेश वीज विकास मंडळ, आणि मध्ये एनटीपीसी विद्युत व्यापार निगम ही भारताची सरकारी व्यापारी कंपनी. विजेची मोजणी होते मुझफ्फरपूरला. म्हणजे ढालकेबरपासून तिथपर्यंत तारांत जी वीज गळते तिचा भार नेपाळवर. तिथून पुढे भारतीय वाहिन्यांचं भाडं आणि व्यापारी कंपनीची दलाली बांगलादेशने द्यायची.

खरं तर नेपाळातल्या त्रिशूली नदीच्या पाण्याची वीज भेरामाराला पोचते असं म्हणणंही सोय म्हणून. नेपाळने मुझफ्फरपूरला ४० मेगावॉट ओतले की ते बिहारमध्येच कुठेतरी वापरले जातात, आणि बंगालमधल्या एखाद्या केंद्रातली तेवढीच वीज बहरामपूरहून पलीकडे जाते. ओतलेलं आणि काढलेलं यांचा मेळ कागदावर बसवायचा असतो. वीजबाजार म्हणजे मुळात हा मेळ बसवण्याचं काम, आणि म्हणूनच तिथे नियम तारांइतकेच महत्त्वाचे.

भेरामाराला आणखी एक गंमत आहे. नेपाळ आणि भूतानच्या ग्रिड भारताच्या ग्रिडशी थेट, एकाच ठेक्यावर चालतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातलं जनित्र आणि भूतानच्या चुखा केंद्रातलं जनित्र यांचा विद्युत ठेका एकच, सेकंदाला पन्नास आवर्तनांचा. बांगलादेशची ग्रिड वेगळ्या ठेक्यावर चालते. दोन ठेके थेट जोडता येत नाहीत. म्हणून भेरामाराला भारताकडून आलेला प्रत्यावर्ती प्रवाह आधी एकदिश केला जातो आणि त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती करून पलीकडे सोडला जातो. असंच केंद्र आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उभं राहिलं, कारण तेव्हा महाराष्ट्राची पश्चिम ग्रिड आणि आंध्रची दक्षिण ग्रिड यांचे ठेके जुळत नव्हते. एकाच देशातले दोन विभाग, आणि वीज द्यायची तर मध्ये भेरामारासारखीच व्यवस्था. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली तेव्हा दक्षिण ग्रिड बाकीच्यांशी एका ठेक्यावर आली आणि देशभराची एकच ग्रिड झाली. त्याआधी वीजबाजारात दक्षिणेचा भाव अनेकदा वेगळा, चढा निघायचा, कारण तिकडे वीज नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या होत्या. सोलापूरकरांना आपल्या गावाजवळून देशाची ग्रिड पूर्ण झाली याचा पत्ता फारसा नसावा.

सांगायचा मुद्दा असा की शेजाऱ्यांशी वीजबाजार जोडण्याचे जे प्रश्न आज नेपाळ-बांगलादेशापुढे आहेत, त्यातले बरेचसे आपण आपल्याच राज्यांमध्ये सोडवून झालो आहोत. आणि सोडवले ते तारांनी जितके, तितकेच नियामकांनी.

सगळ्यात बोलकं उदाहरण पश्चिम विभागाचं आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा एकाच विभागीय ग्रिडवर होते. संध्याकाळी वीज कमी पडली की प्रत्येक राज्य मंजुरीपेक्षा जास्त खेचायचं. ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे तोच विद्युत ठेका, पन्नासवरून अठ्ठेचाळीसपर्यंत घसरायची. रात्री मागणी पडली तरी केंद्रं उत्पादन कमी करायची नाहीत, कारण जितकी युनिटं तितका फायदा. मग फ्रिक्वेन्सी एक्कावन्नच्या वर. पत्रं जायची, बैठका व्हायच्या, फोनवर वादावादी व्हायची. जास्त खेचण्याचा खर्च कुणालाच भरावा लागत नव्हता, तर कोण थांबणार? अभियंते भानू भूषण यांनी यावर उपाय सुचवला आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाने तो ४ जानेवारी २००० च्या आदेशाने स्वीकारला. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात कोण किती वीज घेणार हे आदल्या दिवशी ठरवायचं. ठरल्यापेक्षा जास्त घेतलं तर त्याचा दर त्या क्षणीच्या फ्रिक्वेन्सीशी बांधलेला. फ्रिक्वेन्सी जितकी खाली, दर तितका चढा. वादावादी, कोर्टकचेरी झाली, पण १ जुलै २००२ रोजी देशात सगळ्यात आधी पश्चिम विभागात ही पद्धत लागू झाली. फ्रिक्वेन्सी झपाट्याने सावरली. यासाठी एक मीटर तारही ओढावी लागली नव्हती. नवे मीटर, नवा हिशेब आणि तो वसूल करणारा आयोग, एवढंच लागलं.

असा हिशेब नसला तर काय होतं याचा दाखला युरोपने २०१८ मध्ये दिला. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत पंचवीस युरोपीय देशांतली ओव्हनवरची आणि गजराची घड्याळं हळूहळू मागे पडत सहा मिनिटांनी चुकली. ही घड्याळं ग्रिडची आवर्तनं मोजून वेळ दाखवतात, आणि ग्रिडची सरासरी फ्रिक्वेन्सी पन्नासऐवजी ४९.९९६ झाली होती. कारण होतं सर्बिया आणि कोसोवो यांचं भांडण. कोसोवोत वापरली गेलेली काही वीज कुणीच भरली नाही, नियमाने ती भरायची जबाबदारी सर्बियाकडच्या यंत्रणेची होती, आणि राजकारणापायी ती दोन महिने टाळली गेली. माद्रिदमधल्या माणसाला कामावर पोचायला उशीर झाला तो कोसोवोमुळे. फ्रिक्वेन्सीतला हा फरक एवढा बारीक की ग्रिडला धोका नव्हता, पण जोडलेल्या देशांत एकाची थकबाकी सगळ्यांच्या भिंतीवर दिसते ती अशी.

दुसरा प्रश्न तारांच्या भाड्याचा. तीन राज्यांतून जाणाऱ्या ट्रकला तीन टोलनाके लागले आणि प्रत्येक नाक्याने पूर्ण रस्त्याचा टोल घेतला तर माल महाग होणारच. विजेचंही तसंच व्हायचं. एका विभागातून दुसऱ्यात गेली की दोन्हीकडचं पूर्ण भाडं. २०११ पासून केंद्रीय आयोगाने ही पद्धत बदलली. वीज ग्रिडमध्ये कुठे शिरते आणि कुठे निघते यावर आकार ठरू लागला. नेपाळच्या विजेला हा प्रश्न पुन्हा नव्याने भेटतो, कारण तिथे टोल ठरवणारे आयोग तीन देशांचे आणि एकमेकांना न बांधलेले.

दक्षिण आशियात नियामक आयोग नाहीत असं नाही. बांगलादेशाचा आयोग २००३ च्या कायद्याने आला. नेपाळने २०१७ मध्ये कायदा केला आणि २०१९ मध्ये आयोग नेमला. भूतानमध्येही स्वतंत्र नियामक आहे. पण यांपैकी कुणाचाही अधिकार सीमेपलीकडे जात नाही. आणि भूगोल असा की नेपाळ, भूतान, बांगलादेश यांच्यापैकी कुणालाही दुसऱ्याकडे वीज पाठवायची तर भारतातूनच जावं लागतं. त्यामुळे भारताने आपल्या हद्दीपुरते केलेले नियम आपोआप सगळ्या प्रदेशाचे नियम होतात. हे कुणी ठरवून केलं नाही, नकाशाने केलं.

ते नियम कसे बदलत गेले पाहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये भारत-नेपाळ वीजव्यापार करार झाला. नेपाळात लोक खूश झाले. खासगी गुंतवणूकदार नद्यांचे परवाने घेऊन तयार झाले. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि भारतीय मालकीच्या नसलेल्या प्रकल्पांच्या वाटेवर जाचक अटी आल्या. नेपाळ आणि भूतानने नाराजी कळवली. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्या सूचना मागे घेऊन नव्या आल्या. भारतातून तिसऱ्या देशाला वीज देण्याचं दार त्यांतच उघडलं. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय आयोगाने सीमापार वीजव्यापाराचे विनियम केले. परवानगीची कार्यपद्धती यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्यानंतर मात्र गाडी धावली. एप्रिल २०२१ मध्ये नेपाळने इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो तिथे, पहिल्यांदा खरेदी केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा विक्री केली. किती? ३९ मेगावॉट. त्रिशूलीचे २४ आणि देवीघाटचे १५. दोन्ही प्रकल्प भारताच्या मदतीने बांधलेले.

दोन्ही भारताच्या मदतीचे, हा योगायोग नव्हता. भारताच्या नियमांत एक कलम आहे. भारताला लागून भूसीमा असलेल्या, पण भारताशी वीजसहकार्याचा करार नसलेल्या तिसऱ्या देशाची मालकी ज्या प्रकल्पात आहे त्याची वीज भारत घेणार नाही. त्यात चीनचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही. २०२१ च्या पावसाळ्यात अपर तामाकोशी हा ४५६ मेगावॉटचा, नेपाळातला तोवरचा सगळ्यात मोठा प्रकल्प सुरू झाला. पैसा नेपाळी होता. कर्मचारी, सर्वसामान्य माणसं यांनी त्याचे शेअर घेतले होते. बांधकामाचं कंत्राट मात्र चिनी कंपनीकडे होतं. त्याच्या विजेला भारताची परवानगी मिळाली नाही. मालकीचा नियम कंत्राटदारापर्यंत ताणला गेला. पुढे मंजुऱ्या वाढत गेल्या, २०२४ च्या अखेरीस त्या नऊशे मेगावॉटच्या वर गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये तर दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार झाला. पण मंजुरी एकेका प्रकल्पाला, आणि तिची मुदत वाढवून घ्यायची तीही एकेक करून. नेपाळातला विकासक बँकेकडे तीस वर्षांचा आराखडा घेऊन जातो आणि हातात वर्षाची परवानगी असते.

भारताची बाजू नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मोठ्या ग्रिडला लहान शेजाऱ्याचा धक्का सोसावा लागतो, उलटही होतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपलीच ग्रिड कोसळून जवळपास साठ कोटी लोकांच्या घरची वीज गेली, ती आपल्याच राज्यांच्या अतिरिक्त खेचण्याने. चीनविषयीची धास्तीही हवेतली नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा चिनी सायबर हल्ल्याची चर्चा किती रंगली होती ते आठवत असेल. केंद्राने पुढे ती मानवी चूक ठरवली, पण शंका घेण्याजोगी परिस्थिती होती हे नाकारता येत नाही. आणि मधल्या वाहिन्या बहुतेक भारताने उभारल्या आहेत. माझा आक्षेप नियम कडक असण्याला नाहीच. तो नियम एकाने करायचा, त्यानेच बदलायचा, आणि बाकीच्यांनी राजपत्रात वाचायचा, याला आहे.

ऑगस्ट २०२४ चं उदाहरण ताजं आहे. ५ तारखेला ढाक्यात शेख हसीना यांचं सरकार कोसळलं. झारखंडमध्ये गोड्ड्याला अदानींचं १,६०० मेगावॉटचं केंद्र आहे, त्याची वीज फक्त बांगलादेशसाठी होती. १२ तारखेला, म्हणजे बरोबर आठवड्याने, भारताने निर्यातीच्या सूचनांत दुरुस्ती केली. अशा केंद्राला वेळ पडल्यास भारतात वीज विकता येईल अशी सोय झाली. बांगलादेशकडची थकबाकी वाढत होती, कंपनीला पर्याय हवा होता, दुरुस्तीला व्यावहारिक कारण होतं. पण नेपाळच्या नोकरशाहीने याच टेबलावर २०१६ ते २०१८ दोन वर्षं वाट पाहिली होती. नियम आठवड्यात बदलू शकतो हे त्यांना तेव्हा कळलं असेल.

सामायिक नियमनाचा विचार झाला नव्हता असंही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला सार्कची शिखर परिषद भरली. रस्ते, रेल्वे आणि वीज असे तीन करार तयार होते, आणि पाकिस्तानच्या तयारीअभावी तिन्ही बारगळणार अशी चिन्हं होती. शेवटच्या दिवशी नेते धुलिखेलला एकांतात बसले, मोदी आणि नवाझ शरीफ यांचं हस्तांदोलन झालं, आणि तीनपैकी एक, वीजसहकार्याचा, करार सही होऊन बाहेर आला. सदस्य देशांनी वीजदेवाणघेवाणीसाठी नियामक यंत्रणा विकसित करावी असं त्यात आहे. त्यानंतर आजतागायत सार्कची एकही शिखर परिषद झालेली नाही. बंगालच्या उपसागराभोवतीच्या बिमस्टेक गटातल्या देशांनी ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रिडजोडणीचा सामंजस्य करार केला, त्यात पाकिस्तान नाही. पण त्यातूनही नियामक उभा राहिला नाही. १९९९ पासून दक्षिण आशियातल्या नियामकांचं सफीर नावाचं व्यासपीठ आहे. तिथे प्रशिक्षण होतं, परिषदा होतात. आदेश निघत नाहीत.

अशी यंत्रणा कशी दिसते ते पाहायला मध्य अमेरिकेत जावं लागेल. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका, पनामा. सहा देश, आणि त्यांतल्या कित्येकांनी ऐंशीचं दशक यादवीत घालवलेलं. १९९६ मध्ये त्यांनी वीजबाजाराचा करार केला आणि वाहिनी पुरी होण्याच्या कितीतरी आधी दोन संस्था उभ्या केल्या. एक सामायिक नियामक आयोग, मुख्यालय ग्वाटेमाला शहरात, प्रत्येक देशाचा एक आयुक्त. आणि ग्रिड चालवणारी सामायिक यंत्रणा, मुख्यालय सान साल्वादोरला. सहा राष्ट्रीय बाजार आपापल्या नियमांनी चालू राहिले. त्यांच्यावर सीमापार व्यवहारांपुरता एक सातवा बाजार बसवला, ज्याचे नियम फक्त तो सामायिक आयोग करतो. कुणाच्या देशांतर्गत दराला हात लावला नाही, म्हणून कुणी बिथरलं नाही. साधारण १,८०० किलोमीटरची वाहिनी २०१४ मध्ये पूर्ण झाली. तिची क्षमता ३०० मेगावॉटच्या घरातली, आपल्या हिशेबाने किरकोळ. भांडणं तिथेही आहेत. २०२१ मध्ये ग्वाटेमालाने बाहेर पडण्याचा इरादा जाहीर केला. पण आयोगाने दंड केला, त्याविरुद्ध दाद मागितली, नियम दुरुस्त करून घेतला, असं तिथल्या देशाला करता येतं, कारण टेबलाशी त्याची खुर्ची आहे.

दक्षिण आशियात याच्या कितीतरी पट वीज सीमा ओलांडते आणि टेबलच नाही. लगेच सामायिक आयोग होईल असं मानायला मी भाबडा नाही. भारत आकाराने इतका मोठा की समान मतांचा आयोग दिल्लीला पचणार नाही, आणि असमान मतांचा काठमांडूला. पण मधली पायरी आपल्या घरात तयार आहे. २००३ च्या वीज कायद्यातच नियामकांच्या मंचाची तरतूद आहे. २००५ पासून तो चालतो. केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष त्याचे अध्यक्ष, आणि महाराष्ट्रापासून मिझोरामपर्यंतच्या राज्य आयोगांचे प्रमुख सदस्य. तो कुणाचे अधिकार काढून घेत नाही; एकमेकांचे नियम सुसंगत ठेवतो, नमुना विनियम तयार करतो, आणि नवा नियम येणार असेल तर त्याचा मसुदा आधी सगळ्यांच्या हातात पडतो. ठरल्यापेक्षा जास्त वीज घेतली तर नेपाळला आज भारतीय विनियमांनुसार दंड भरावा लागतो. तो विनियम बदलताना नेपाळच्या आयोगाचं म्हणणं नोंदवून घेणं एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी शिखर परिषद लागत नाही. केंद्रीय आयोगाने पत्र पाठवलं तरी पुरे.

तोवर दक्षिण आशियाचा एकत्र वीजबाजार झाला, ही बातमी खरी मानू नये. दिल्लीत एक वीजबाजार आहे आणि शेजाऱ्यांना त्यात येण्याचे मुदतीचे परवाने मिळतात. नेपाळ-बांगलादेश कराराची पाच वर्षं संपतील तेव्हा त्याच ४० मेगावॉटसाठी त्याच तीन सह्या पुन्हा गोळा कराव्या लागतील.